सीनेच्या पुरात बुडालेली डिझेल गाडी दुरुस्त करावी की विमा कंपनीच्या हवाली करावी?

प्रश्नकर्ता : सीनाकाठ

नमस्कार. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या महापुरात वडकबाळजवळच्या आमच्या वस्तीवर उभी असलेली वडिलांची गाडी बुडाली. गाडी २०१७ सालची, बी.एस. ४ डिझेल सेडान, टर्बो असलेली आणि हाताने गिअर बदलण्याची आहे. पाणी रात्री शिरले. घरातली माणसे आणि जनावरे उंचावर नेण्यातच सगळ्यांची शक्ती गेली आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये तशीच राहिली. पाणी ओसरल्यावरही विजयपूर रस्ता बंद असल्यामुळे ती लगेच हलवता आली नाही. रस्ता खुला झाल्यावर क्रेनवर उचलून ती जुळे सोलापुरातील घरी आणली आहे.

मला जे दिसले ते जसेच्या तसे लिहितो. दाराच्या आतल्या बाजूला चिखलाची सरळ रेघ उमटलेली आहे आणि ती सीटच्या बैठकीपेक्षा चार बोटे वर आहे. डॅशबोर्ड कोरडा आहे, मीटरच्या काचेआड वाफ धरलेली नाही. इंजिन कोणीही सुरू केलेले नाही, एकदाही सेल्फ मारलेला नाही. मात्र पाणी उतरल्यावर चुलत भावाने किल्ली फिरवून दिवे लागतात का एवढे पाहिले होते. दिवे लागले आणि त्याने लगेच किल्ली काढली. बॅटरी मात्र गाडी घरी येईपर्यंत जोडलेलीच होती. डिपस्टिक काढून पाहिली तर ऑईल नेहमीसारखे काळे आहे, दुधाळ झालेले नाही, पण त्याची पातळी वरच्या खुणेच्याही बरीच वर दिसते. एअर फिल्टरच्या डब्यात तळाशी ओल आहे, पण फिल्टरचा कागद कोरडा आहे.

विमा सर्वसमावेशक असून आय.डी.व्ही. (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ३,६०,००० रुपये आहे. इंजिनासाठीचे वेगळे संरक्षण आणि झिरो डेप (जुनेपणासाठी भागांच्या किमतीत कपात न करण्याची सोय), दोन्ही नाहीत. एका अधिकृत सेवा केंद्राच्या माणसाने घरी येऊन गाडी बाहेरूनच पाहिली आणि २,९०,००० रुपयांचे अंदाजपत्रक दिले. त्यात नवीन इंजिनाचे १,१५,०००, वायरिंगचे ६०,०००, ईसीएमचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) ४०,०००, सीट व कार्पेटचे ३५,००० आणि मजुरीसह किरकोळ कामांचे ४०,००० रुपये धरले आहेत. "ही टोटल लॉसच होणार, त्यात वेळ घालवू नका," म्हणजे विमा कंपनी दुरुस्तीऐवजी गाडीचीच रक्कम देईल, असे त्यांचे म्हणणे आहे. आमचा नेहमीचा फिटर मात्र इंजिन खोलल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असे म्हणतो.

निवृत्तीनंतर घेतलेली ही गाडी वडिलांना सोडवत नाही, पण भावनेपोटी तिच्यात पैसे ओतावेत असे त्यांनाही वाटत नाही. गाडी दुरुस्त होण्याजोगी आहे की नाही, हे कोणत्या क्रमाने आणि काय काय तपासून ठरवावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

गॅरेज_अक्कलकोट_रोड

नमस्कार सर. सेल्फ मारला नाहीत, हे तुम्ही फार मोलाचे केलेत. पुढचा सगळा विचार त्या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ते आधी नीट सांगतो.

पाण्यात बुडालेले इंजिन फुटते ते बुडाल्यामुळे नव्हे, तर पाणी आत असताना फिरवल्यामुळे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. डिझेल इंजिनात पिस्टन हवेला मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबतो, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचतो तेव्हा डोक्यावर जागा फारच थोडी उरते. तेवढ्या जागेत मावणार नाही इतके पाणी सिलिंडरमध्ये असेल आणि सेल्फने किंवा गाडी ढकलून इंजिन फिरवले, तर पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. पेट्रोल गाडीत ही जागा थोडी अधिक असते, म्हणून तिथे कधीकधी निभावते. डिझेलला ती सवलत नाही. तुमचे इंजिन फिरलेलेच नसेल, तर रॉड वाकण्याचे कारणच घडलेले नाही. अशा इंजिनाला खरा धोका गंजाचा आहे, आणि तो दिवसागणिक वाढतो.

आता डिपस्टिकबद्दल. ऑईल दुधाळ नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. पाणी आणि ऑईल घुसळले गेले तरच ते चहाच्या रंगाचे होते. न फिरलेल्या इंजिनात पाणी जड असल्यामुळे चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याच्या, तळाशी जाऊन बसते आणि ऑईल त्याच्यावर तरंगते, त्यामुळे डिपस्टिकवर रंग नेहमीचाच दिसतो आणि पातळी तेवढी वाढते. तुम्ही लिहिलेली खूण नेमकी हीच आहे. चेंबरमध्ये पाणी आहे, असे मी गाडी न पाहता सांगतो. फिल्टर कोरडा असला तरी ते सायलेन्सरच्या वाटेने येऊ शकते, कारण सायलेन्सरचे तोंड तुमच्या रेघेच्या बरेच खाली असते आणि उभ्या इंजिनात एका-दोन सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व उघडे असतातच.

म्हणून पहिले काम बॅटरी सोडवण्याचे, आधी ऋण टोकाची केबल काढून. दुसरे चेंबरचे. खाली पारदर्शक बाटली किंवा स्वच्छ घमेले धरून ड्रेन बोल्ट अगदी सावकाश सैल करा. आधी पाणी येईल, मग ऑईल. पाणी किती निघाले आणि ते गढूळ आहे की निवळ, हे पाहून ठेवा. गढूळ असेल तर आपली काळी माती आत गेली आहे आणि चेंबर उतरवून आतून धुतल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण ही माती ओली असताना लोण्यासारखी मऊ असली तरी बारीक कणांची असते आणि बेअरिंगमध्ये गेली की ती घासून काढते.

त्यानंतर चारही हीटर प्लग (सिलिंडर तापवणारे) काढा आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने, अगदी हळू फिरवा. प्लगच्या भोकांतून पाणी उसळले तर घाबरू नका. ते बाहेर यावे म्हणूनच प्लग काढले आहेत. दोन पूर्ण फेरे कुठेही न अडता झाले तर अर्धी लढाई जिंकली. कुठे अडले तर जोर लावू नका, तिथे थांबून हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलावे लागेल. फिरल्यावर प्रत्येक भोकातून थोडे थोडे इंजिन ऑईल सोडा आणि पुढचा निर्णय होईपर्यंत रोज हाताने एक-दोन फेरे देत राहा, म्हणजे रिंगा चिकटणार नाहीत. नंतर कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचा दाब मोजायचा. चारही सारखे आले तर रॉड सरळ आहेत. एखादे लक्षात येण्याइतके कमी असेल, तर मात्र हेड खोलून तो पिस्टन बाकीच्यांइतकाच वर येतो का, ते मोजावे लागेल.

घाईत हमखास राहून जाणारी एक जागा आहे. टर्बोच्या गाडीत समोर, खालच्या अंगाला इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग, असतो. त्याच्यात आणि त्याच्या पाइपांत पाणी साचून राहते. बाकी सगळे साफ केले आणि हे विसरले, तर पहिल्याच स्टार्टला इंजिन ते पाणी ओढून घेते आणि जो रॉड पुरात वाचला तो गॅरेजमध्ये वाकतो. इंटरकूलर आणि टर्बोचे पाइप काढून, पालथे करून, कोरडे केल्याशिवाय कोणालाही सेल्फ मारू देऊ नका. डिझेलची टाकीही रिकामी करायला सांगा. पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि पंप तळातूनच ओढतो. कॉमन रेलचा (जास्त दाबाने डिझेल सोडणाऱ्या यंत्रणेचा) पंप आणि नोझल यांना थोडेसे पाणीही सोसत नाही.

इंजिनाबद्दल मी इतके लिहिले, पण खरे सांगायचे तर अशा गाड्या इंजिनाने मरत नाहीत, वायरिंगने मरतात. इंजिन आज खोलून उद्या बसवता येते आणि त्याची हमी देता येते. वायरिंगची हमी कोणी देत नाही, कारण आज चालणारा कपलर (वायरी जोडणारा सांधा) सहा महिन्यांनी हिरवा पडून गाडी वाटेत उभी करू शकतो. तुमच्या गाडीत पाण्याखाली असतानाही बॅटरी जोडलेली होती. अशा वेळी कपलरच्या दोन पिनांमध्ये पाण्यातून वीज वाहत राहते, धन बाजूच्या पिनेचे तांबे झिजून तिथे हिरवा थर धरतो. भावाने किल्ली थोडाच वेळ फिरवली, त्याने फार बिघडले असेल असे नाही. बॅटरी जोडलेली राहिली ते अधिक नडले.

तेव्हा सीट काढा, कार्पेट उचला आणि ड्रायव्हरच्या दाराच्या उंबऱ्यालगत जाणारा वायरिंगचा जुडगा उघडून त्यातले कपलर एकेक सोडवून पाहा. कार्पेटला वरून हात लावून कोरडे वाटले तरी त्याखालचा जाड फोम पाणी धरून असतो. ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर दोन दिवसांत वाळतो आणि खाली कित्येक आठवडे ओल राहते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्यावर मातीची रेघ दिसते का, तेही पाहा. एअरबॅगचे मॉड्यूल बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ, मधल्या उंचवट्यावर बसवलेले असते, म्हणजे तुमच्या रेघेच्या खाली. ते बुडाले असेल तर बदलायचेच. वाळवून बसवलेले मॉड्यूल अपघाताच्या क्षणी काय करील याची खात्री कोणालाही देता येत नाही, आणि गाडीत माणसे बसतात. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावू नका.

माझे मत विचाराल तर, पाणी मीटरपर्यंत चढलेली गाडी मी दुरुस्तीला घेत नाही आणि मालकालाही घालू देत नाही. कार्पेटपुरते भिजले असेल तर बिनधास्त दुरुस्त करावी. तुमची गाडी या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणून ती कार्पेटखालचे कपलर पाहिल्यावरच ठरेल. बाहेरून पाहून नवीन इंजिनाचा आकडा लिहिणे याला मी तपासणी म्हणणार नाही.

---

माग_आणि_मोटर

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. माझे काम मोटर रिवाइंडिंगचे आहे. यंत्रमागाच्या मोटरी आणि विहिरीवरचे पंप पुरात बुडाले की आमच्याकडे येतात, त्यामुळे गाडीच्या अल्टरनेटर आणि सेल्फबद्दल थोडे लिहितो.

बुडालेली मोटर जळते ती ओली असताना वीज दिल्यामुळे. नीट वाळवली तर तिचे वाइंडिंग बहुधा वाचते. पण आधी वाळवणे आणि मग धुणे हा उलटा क्रम आहे. माती वाळली की विटेसारखी घट्ट होते आणि खरवडताना तारांवरचे वार्निश निघते. म्हणून अल्टरनेटर, सेल्फ, रेडिएटर फॅनची मोटर आणि एसीच्या ब्लोअरची मोटर गाडीतून उतरवून, पूर्ण खोलून, स्वच्छ पाण्याने माती जाईपर्यंत धुवावी. मग मंद उष्णतेत, घाई न करता वाळवावे. सेल्फ आणि फॅनच्या मोटरीचे कार्बन आणि बेअरिंग सरसकट नवीन घालावेत, त्यांचा खर्च फार नसतो. अल्टरनेटरमधली डायोडची प्लेट आणि रेग्युलेटर यांच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज वाढले तर गाडीतली नवीन घातलेली इलेक्ट्रॉनिक्सही तो घेऊन जातो.

वायरिंगबद्दल एक विनंती. खराब झालेली वायर मधूनच तोडून, पीळ देऊन, वर टेप गुंडाळलेला जोड कोणालाही देऊ देऊ नका. जमिनीलगतच्या भागात तो जोड पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाणी ओढतो. एकतर तो सगळा जुडगा नवीन घाला, नाहीतर पिना बदलून कपलरसकट काम करून घ्या.

---

दावा_सर्वेक्षण

मी अनेक वर्षे वाहन विम्याच्या दाव्यांचे सर्वेक्षण केले आहे. गॅरेजवाल्या बंधूंनी सांगितलेला क्रम तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे. विम्याच्या बाजूने त्यात एक भर घालणे आवश्यक वाटते. सर्वेक्षकाने गाडी पाहण्यापूर्वी ती खोलली, तर नुकसान पुराचे की खोलण्याचे, असा वाद उभा राहतो. दुसरीकडे, नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणे ही पॉलिसीनुसार विमाधारकाचीच जबाबदारी आहे. या दोन्ही गोष्टी सांभाळायच्या तर आजच कंपनीला ईमेल करून कळवा की इंजिनात पाणी असल्याची खूण दिसत आहे, गंज वाढू नये म्हणून चेंबरमधील पाणी काढत आहोत, आणि सर्वेक्षकांनी लवकरात लवकर यावे. दारावरच्या रेघेशेजारी मोजपट्टी धरून छायाचित्रे घ्या, ओडोमीटर आणि चेसिस क्रमांकाची घ्या, ड्रेन बोल्ट सैल करतानाचे चित्रीकरण करा आणि निघालेले पाणी बाटलीत भरून ठेवा. त्यापुढचे खोलकाम सर्वेक्षकाच्या समक्ष व्हावे.

तुमच्याकडे इंजिनाचे वेगळे संरक्षण नाही, म्हणून हा मुद्दा जपावा लागेल. पाणी आत असताना इंजिन फिरवल्याने झालेली मोडतोड कंपन्या परिणामी नुकसान म्हणून नाकारतात आणि मूळ पॉलिसीत ते बहुधा बसत नाही. तुमच्या बाबतीत इंजिन फिरवलेलेच नाही. पुराचे पाणी थेट आत शिरले आहे. गाडी ढकलली नाही, क्रेनने उचलून आणली, हे दाव्याच्या अर्जात स्पष्ट लिहा आणि क्रेनची पावती जोडा. खोलल्यावर रॉड सरळ निघाले तर तोच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा ठरेल.

आता टोटल लॉसबद्दल. दुरुस्तीचा खर्च आय.डी.व्ही.च्या ७५ टक्क्यांपेक्षा अधिक झाला तर गाडी टोटल लॉस धरली जाते, हे खरे आहे. तुमच्या बाबतीत ही मर्यादा २,७०,००० रुपये येते आणि २,९०,००० हा आकडा तिच्या वर आहे, म्हणून सेवा केंद्राने तसे सांगितले असावे. परंतु विचारात घेतला जातो तो पॉलिसीच्या अटींनुसार सर्वेक्षकाने ठरवलेला खर्च. गॅरेजने लिहिलेला आकडा नव्हे. गाडी पाच वर्षांहून जुनी आणि दहा वर्षांच्या आतली असल्यामुळे धातूच्या व इतर सुट्या भागांवर ४० टक्के घसारा (जुनेपणाची कपात) कापला जातो, तर रबर, प्लॅस्टिक, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के. तुमच्याच अंदाजपत्रकातील इंजिन, वायरिंग आणि ईसीएम मिळून २,१५,००० होतात. ४० टक्के घसारा वजा जाता १,२९,००० उरतात. बाकीचे ७५,००० एक रुपयाही न कापता धरले, तरी बेरीज २,०४,००० रुपयांच्या पुढे जात नाही. म्हणजे टोटल लॉस होणार असे गृहीत धरून तुम्ही गाडी सेवा केंद्रात सोडली आणि कंपनीने ती दुरुस्तीचा दावा म्हणून मंजूर केली, तर उरलेले ८६,००० रुपये तुमच्या खिशातून जातील. शिवाय १५०० सी.सी.पर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची अनिवार्य वजावट असते ती वेगळी. हे गणित आधी समोर असावे, म्हणून सविस्तर लिहिले. सर्वेक्षकाचे निर्धारण लेखी हातात येईपर्यंत कोणत्याही दुरुस्तीला मंजुरीची सही करू नका. खोलून पाहिल्यावर दुरुस्ती न करता गाडी परत नेली तर खोलकामाची मजुरी किती लागेल, तेही आधीच लिहून घ्या.

गाडी टोटल लॉसच झाली तर आणखी एक काळजी घ्या. सॅल्व्हेज, म्हणजे नुकसान झालेली गाडी, कोणीतरी उचलून नेतो आणि आर.सी. तुमच्या वडिलांच्या नावावरच राहते, असे फार वेळा घडते. गाडी पुन्हा रस्त्यावर आली आणि अपघात झाला तर नोंदणीतला मालक म्हणून नोटीस वडिलांना येईल. गाडी विकली जात असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून आर.टी.ओ.कडे नाव बदलल्याची खात्री करा. ती कायमची मोडीत निघत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नोंदणी रद्द करून घ्या. कायद्यात त्यासाठी चौदा दिवसांची मुदत सांगितली आहे.

कंपनीचा निर्णय अन्यायकारक वाटला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते.

---

सीनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कंपनीला ईमेल केला. सर्वेक्षक आले आणि पुढचे काम त्यांच्या समक्ष आमच्या फिटरने केले. जे निघाले ते लिहितो.

ड्रेन बोल्ट सैल करताच आधी पाणीच आले, एक लिटरची बाटली भरून वर थोडे उरले, आणि मग ऑईल. पाणी पिवळसर होते, पण बाटली रात्रभर ठेवल्यावर तळाशी मातीचा अगदी पातळ थर बसला. हीटर प्लग काढून पुली फिरवली तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधून पाणी बाहेर उडाले, बाकी दोन कोरडे होते. इंजिन कुठेही अडले नाही. इंटरकूलरच्या खालच्या पाइपातून बरेच गढूळ पाणी निघाले. ते पाहून फिटरही क्षणभर गप्प झाला. ईसीएम आमच्या गाडीत बॉनेटखाली बॅटरीशेजारी वरच्या अंगाला आहे. तिथे चिखलाची रेघ त्याच्या बरीच खाली आहे आणि त्याचा कपलर उघडला तेव्हा पिना चकचकीत होत्या.

कार्पेटखाली मात्र चित्र वेगळे आहे. ड्रायव्हरच्या बाजूच्या उंबऱ्यालगतचे तीन कपलर हिरवे पडले आहेत, त्यातल्या एकाची पिन सोडवताना तुटून हातात आली. डाव्या बाजूचे कपलर ओले होते, पण हिरवे नव्हते. एअरबॅगच्या मॉड्यूलच्या खालच्या बाजूला माती होती. सर्वेक्षकांनी नवीन इंजिन आणि ईसीएम मान्य करण्याचे कारण दिसत नाही, असे तोंडी सांगितले आणि सुधारित अंदाजपत्रक मागितले आहे. या स्थितीत दुरुस्तीच्या बाजूने जावे का?

---

गॅरेज_अक्कलकोट_रोड

होय, माझ्या मते आता दुरुस्तीच करावी, पण काही अटींवर.

जमिनीलगतचा वायरिंगचा जुडगा दोन्ही बाजूंनी नवीन घाला. डावी बाजू आज हिरवी नाही, एवढ्यावरून ती वाचली असे समजू नका. ती त्याच पाण्यात होती. एअरबॅगचे मॉड्यूल नवीन हवे, आणि पुढच्या सीटबेल्टमध्ये अपघाताच्या वेळी पट्टा आवळणारी यंत्रणा असेल तर तीही बुडालेली असल्यामुळे बदला. बाटलीच्या तळाशी माती बसली, त्या अर्थी चेंबर उतरवून, ऑईल ओढणारी जाळी साफ करून, खालचे एक-दोन बेअरिंग उघडून पाहावेत. त्यांच्यावर ओरखडे नसतील तर हेड खोलण्याची आवश्यकता नाही. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये सारखे आले, टाकी धुतली, डिझेल फिल्टर नवीन घातला आणि टर्बोची दांडी बोटाने फिरवून मोकळी व न डगमगणारी वाटली, की मगच सेल्फ मारा. पहिले ऑईल थोडा वेळ इंजिन चालवून काढून टाका, दुसरेही लवकर बदला. गिअरबॉक्सचे ऑईल, ब्रेक ऑईल आणि क्लचचे ऑईल हे सगळे नवीन घाला. मागचे ब्रेक ड्रम उघडून धुवा, कारण तिथे माती हमखास अडकते. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल तर जोर करून गिअर टाकू नका. चाकांचे बेअरिंग आज आवाज करणार नाहीत, महिन्या-दोन महिन्यांत करतील. त्यांचा खर्च आताच मनात धरा.

फोम असलेले कार्पेट धुऊन पुन्हा घालू नका, नवीनच घाला. सीटचा फोम धुऊन, कव्हर काढून, पूर्ण वाळवता येतो. त्यात बचत केली तर हरकत नाही.

गाडी २०१७ ची आहे, नोंदणीची अजून बरीच वर्षे हातात आहेत आणि नव्या इंजिनाचे व ईसीएमचे मिळून १,५५,००० रुपये अंदाजपत्रकातून वजा होत आहेत. त्यात इंजिन साफसफाईचा आणि एअरबॅग मॉड्यूलचा खर्च वाढेल, तरीही हिशेब दुरुस्तीच्या बाजूचाच राहतो. मात्र बेअरिंग उघडल्यावर त्यांच्यावर मातीचे ओरखडे दिसले, किंवा वायरिंग नवीन घालूनही स्कॅनरवर तेच दोष पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर तिथेच थांबा आणि सर्वेक्षकांना पुन्हा बोलवा. हे वाढीव नुकसान पूरक अंदाजपत्रकात धरता येते, पण गाडी जोडून बाहेर काढण्याच्या आधी.

---

दावा_सर्वेक्षण

त्याच संदर्भात एवढेच, की सर्वेक्षकांनी इंजिनाबद्दल तोंडी सांगितले आहे ते लेखी मागा. सुधारित अंदाजपत्रकात "चेंबर, बेअरिंग व टर्बोच्या तपासणीअंती आढळणारे अधिक नुकसान पूरक अंदाजपत्रकाने सादर केले जाईल" हे वाक्य स्वतंत्रपणे लिहून घ्या. नवीन भाग बसवल्यावर जुना हिरवा पडलेला जुडगा आणि मॉड्यूल टाकून देऊ नका. अंतिम पाहणीत सर्वेक्षक ते पाहायला मागतील आणि सॅल्व्हेज म्हणून कंपनी ते ताब्यातही घेऊ शकते. दुरुस्ती बाहेरच्या गॅरेजमध्ये करणार असाल तर बिले जी.एस.टी. क्रमांकासह, भागांची आणि मजुरीची रक्कम वेगळी दाखवणारी असावीत, कारण घसारा भागांवर लागतो, मजुरीवर लागत नाही.